बिनमिठाचं कातडं : दर्यापूर तालुक्यातल्या प्रकल्प नोंदी

17 नोव्हेंबर 2024, रविवार

आजपासून काम सुरू. शेड बचत गटाची, गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं. काय करायचंय ते एकदा नीट लिहून ठेवते. बोकडाची कातडी बाभळीच्या सालीवर आणि हिरड्यावर कमवायची (म्हणजे सडू नयेत अशी पक्की करून त्यांचं चामडं करायचं), आणि शेडमधून निघणारं पाणी झाडांना घालता येईल इतकं चांगलं ठेवायचं. दुसरं काम पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, त्यामुळे या नोंदींत चामड्यापेक्षा पाणीच जास्त येईल.

सकाळी खाटीक भावांकडे जाऊन आलो. रविवारी सगळ्यात जास्त बोकड कापले जातात. पूर्वी व्यापाऱ्याची गाडी यायची. आता भाव इतका पडलाय की मीठ लावून ठेवण्याचा खर्चही निघत नाही. मग कातडी नाल्यात जाते, कुत्री ओढून गावभर नेतात. एक जण म्हणाले, "ताई, फुकट घेऊन जा. फक्त त्याच दिवशी न्या. वास सुटला का लोक माह्या नावानं बोंबलतात." त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. सोलताना सुरीचे चरे पडू देऊ नका, आणि मीठ अजिबात लावू नका. मीठ नको म्हटल्यावर सगळेच चकित झाले.

19 नोव्हेंबर

गटाच्या बायांसोबत बैठक. विषय फक्त मीठ.

ओलं कातडं टिकवायला नेहमीच्या पद्धतीत त्याच्या वजनाच्या 40 ते 50 टक्के मीठ लागतं. चर्मोद्योगातलं पहिलं काम म्हणजे कातडं भिजवणं, आणि त्याच पाण्यात यातलं बहुतेक मीठ उतरतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. कमी पाणी वापरलं तर पहिल्या भिजवणीचं पाणी त्याहून खारट होतं. चुन्याचं पाणी निवळवता येतं, मांसाचे तुकडे कुजवता येतात, सालीचा रंग खाली बसवता येतो. मीठ मात्र कुठला जिवाणू खात नाही, वाळूच्या गाळणीत अडकत नाही, पाणी गाळायच्या कर्दळीच्या वाफ्यातून जसंच्या तसं पार होतं. पाणी उन्हात आटवलं तर मीठ उरतं, पण ते चरबी आणि रक्तानं माखलेलं असतं. तमिळनाडूतल्या चर्मोद्योगांपुढे या उरलेल्या मिठाचं करायचं काय, हा मोठा प्रश्न होऊन बसला आहे.

पुढचं समजावून सांगायची गरजच पडली नाही. इथल्या बायांचा जन्म खारपाणपट्ट्यात गेलेला. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यानं ओलीत केलं तर काळी माती वरून पापुद्रा धरते आणि आतून चिकट होते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. पाण्यातला सोडियम मातीचे कण एकमेकांपासून सोडवतो, सुटे झालेले कण भेगा बुजवतात, मग पाणी खाली जात नाही. एक आजी म्हणाल्या, "वावरात आधीच मीठ हाय, माय. आता शेडातून आनखी सोडनार का?" नाही सोडणार. बैठकीत ठरलं ते हेच, आणि बाकीच्या सगळ्या गोष्टी यावरून ठरतील.

24 नोव्हेंबर, रविवार

पहिली खेप. दुपारच्या आत कातडी शेडमध्ये. लगेच तिरक्या ओंडक्यावर टाकून दोन मुठींच्या बोथट सुरीनं आतलं मांस आणि चरबी खरवडली. मोठ्या कारखान्यांत पुष्कळदा हे चुन्यानंतर करतात, कारण कातडं फुगलेलं असलं की खरवडायला सोपं जातं. आम्ही मुद्दाम आधी केलं. चुना न लागलेलं, मीठ न लागलेलं मांस गोबरगॅसच्या टाकीत घालता येतं. खारवलेलं घातलं तर गॅस बसतो. मीठ वगळल्याचा हा पहिला फायदा, आणि तो त्याच दिवशी हाती आला.

पाणी शेततळ्यातलं, म्हणजे पावसाचं. विहिरीचं पाणी इथे चालणारच नव्हतं. आपणच खारट पाण्यानं सुरुवात करायची आणि शेवटी पाणी गोड निघावं अशी अपेक्षा धरायची, याला अर्थ नाही.

सगळी पिंपं प्लास्टिकची, हौद सिमेंटचे. लोखंडाची बादली किंवा घमेलं शेडच्या आत आणायचं नाही, असं दारावर खडूनं लिहिलंय. सालीतलं टॅनिन (कातडं कमावणारा तुरट घटक) लोखंडाला लागलं की निळे-काळे डाग पडतात, आणि ते निघत नाहीत.

28 नोव्हेंबर

चुन्याचे हौद तीन: जुना, मधला, नवा. कातडी आधी जुन्या चुन्यात, मग मधल्यात, शेवटी नव्यात. जुन्या चुन्यातले जिवाणू केसांची मुळं सैल करायला मदत करतात. नवा चुना कातडं फुगवतो आणि तंतू उघडतो. शेजारच्या गावातले काकाजी हे सगळं हातानं ओळखतात. त्यांच्या घरी वडिलांच्या काळापर्यंत कातडं कमावायचे. आता या भागात हे काम जाणणारे बहुधा ते एकटेच. हौदात हात घालून म्हणाले, "चुना जास्त झाला. खाली बसलेला चुना काई करत नाई, निस्ता गाय (गाळ) होते." बरोबर आहे. लिटरभर पाण्यात चुना दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो. बाकीचा तळाशी बसतो आणि शेवटी गाळ म्हणून उपसावा लागतो. पुढच्या वेळी निम्मा टाकायचा, आणि हौद दिवसातून दोनदा ढवळायचा.

2 डिसेंबर

सोडियम सल्फाइड वापरायचं का, यावर पुण्याच्या एका चर्मतंत्रज्ञ मित्राशी लांबलचक बोलणं झालं. सल्फाइड घातलं की केस एका रात्रीत निघतात. आमच्या नुसत्या चुन्यात आठवडा लागतोय, थंडीमुळे कदाचित जास्तच. पण सल्फाइड केस विरघळवून टाकतं आणि विरघळलेला केस सगळा सांडपाण्यात जातो. तसंच, सल्फाइडचं पाणी चुकून आम्लाच्या पाण्यात मिसळलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. चर्मोद्योगाच्या टाक्या साफ करताना माणसं मेली आहेत ती या वायूनं. आमच्या शेडमध्ये चुन्याचं आणि सालीचं पाणी एकमेकांत मिसळण्याचाच विचार आहे (पुढे लिहीन), त्यामुळे सल्फाइड इथे शिरताच कामा नये. आठवडा तर आठवडा.

केस अख्खा निघाला तर तो गोळा करता येतो. नत्र भरपूर असतं, हळूहळू कुजतो. खताच्या खड्ड्यात थरांमध्ये टाकलाय.

काकाजींनी रुईच्या चिकाची आठवण काढली. त्यांची आजी केस काढायला चीक लावायची. त्या चिकात प्रथिनं तोडणारी विकरं असतात, तेव्हा ते खरं आहेच. चर्मसंशोधनात हल्ली विकरांनी केस काढण्यावर जे काम चालतं त्याच्या जवळचंच हे. पण चीक डोळ्यात गेला तर डोळा गमवायची वेळ येते, आणि इतका चीक गोळा कोण करणार. बाजूला ठेवलं.

8 डिसेंबर, रविवार

आज कातड्याचं काम थोडं आणि बोलणंच फार झालं. ते बोलणं व्हायलाच हवं होतं.

गटातल्या एका ताईंचा मुलगा अमरावतीला शिकतो. सुट्टीला आलाय. तो शेडच्या दारातच उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, "मॅडम, माह्या पणज्यानं हे काम सोडलं होतं. काऊन सोडलं, ते तुम्हाले माहीत हाय ना?"

माहीत आहे. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडायचं आवाहन केलं. 1956 मध्ये नागपूरला दीक्षा घेतली त्या घरांनी उरलंसुरलंही सोडलं. ज्या कामाचा मोबदला माणुसकीऐवजी विटाळ होता ते काम सोडणं हा त्यांचा विजय होता. तेच काम कुणी पर्यावरणाच्या नावानं परत त्याच दारात नेऊन ठेवलं तर लोकांनी रागवायलाच पाहिजे.

त्याला तोंडी सांगितलं तेच इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर सोयीनं विसरता येणार नाही. एक, गटात कोणतं काम कुणी करायचं याची आठवड्याची पाळी लागेल, बाई कोणत्या समाजाची हे न पाहता. खरवडणं आणि हौद उपसणं सगळ्यांच्या वाट्याला येईल, माझ्याही. दोन, कोपरापर्यंतचे हातमोजे, गमबूट आणि चष्मा नसेल तर काम बंद. तीन, मेलेली गुरं ओढणं या प्रकल्पात नाही. चार, सोडून जायचं असेल तर कुणी का म्हणून विचारायचं नाही.

मुलगा काही वेळ आतल्या हौदांकडे पाहत होता. मग आईला म्हणाला, "मोजे लावल्याशिवाय हात घालू नको." गेला.

गावात काही घरं अजून म्हणतात की वरच्या जातीच्या बायांनी यात हात घालणं शोभत नाही. त्यातल्या दोन बाया मात्र रोज येतात.

15 डिसेंबर

चुना उतरवायचा टप्पा. कारखान्यात अमोनियम क्लोराइड किंवा अमोनियम सल्फेट वापरतात आणि ते सगळं अमोनिया होऊन पाण्यात जातं. आम्ही गव्हाचा कोंडा कोमट पाण्यात रात्रभर आंबवला. त्यात तयार होणारं सौम्य आम्ल चुना ओढून घेतं. कातड्याची कड कापून फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकला. मधली रेघ गुलाबी झाली, म्हणजे आत अजून चुना आहे. थंडीत कोंडा आंबत नव्हता. पिंपं उन्हात ठेवली, दुसऱ्या दिवशी रेघ पांढरी राहिली.

5 जानेवारी 2025

सालीचा शोध. हिरडा मेळघाटातून, चिखलदऱ्याच्या बाजूनं येतो. टॅनिन 30 टक्क्यांच्या आसपास, त्याचा भरवसा आहे. बाभळीच्या सालीत साधारण 12 ते 15 टक्के. बाभळी धुऱ्याधुऱ्यावर (बांधाबांधावर) आहेत, पण जिवंत झाडाची साल काढायची नाही, हे आधीच ठरलं होतं. साल गोल सोलली तर झाड मरतं. आरा मिलवर आणि जळणाच्या टालावर बाभळीची लाकडं येतात, तिथली साल आजवर जाळली जायची. ती पोत्यानं मागवली.

अर्काची घनता मोजायला बार्कोमीटर लागतो. मागवायला वेळ लागणार होता. दूध संकलन केंद्रावर गेले असता लॅक्टोमीटर दिसला आणि लक्षात आलं की दोन्हींची मोजणी एकच आहे. पाण्यापेक्षा घनता हजारात किती जास्त, तो आकडा. 1.020 घनता म्हणजे बार्कोमीटरवर 20, लॅक्टोमीटरवरही 20. फक्त लॅक्टोमीटरच्या खुणा 15 च्या पुढे सुरू होतात, त्यामुळे पहिल्या पातळ अर्काला तो उपयोगी नाही. तो चव आणि रंगावर चालेल. काकाजी जिभेवर थेंब घेऊनच सांगतात.

12 जानेवारी

कातडी पहिल्या, जुन्या आणि पातळ अर्कात. एकदम दाट अर्कात घातलं तर वरचा थर लगेच कमावला जातो आणि आत टॅनिन शिरायची वाट बंद होते. चिरून पाहिलं की मधे कच्ची पांढरी पट्टी दिसते. म्हणून पातळ, मग मध्यम, मग दाट. दाट पिंपातला वापरलेला अर्क मधल्यात, मधल्यातला पहिल्यात. पाणी उलट्या दिशेनं येतं, कातडं सुलट्या दिशेनं जातं. असं केलं की सगळ्यात दुबळा अर्कच शेवटी बाहेर पडतो आणि साल वाया जात नाही.

20 जानेवारी

संमतीपत्राची तयारी. चर्मोद्योग प्रदूषण नियंत्रणाच्या वर्गवारीत लाल, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांच्या गटात येतो. वनस्पतीवर कमावतो म्हणून सूट मागणं मला पटत नाही, आणि मागितली नाही. जल कायदा 1974 चा, हवा कायदा 1981 चा. दोन्हीखाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यायची.

कागद भरताना 28 ऑगस्ट 1996 चा तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या चर्मोद्योगांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुन्हा वाचला. प्रदूषण करणाऱ्यानं किंमत मोजायची, आणि धोका दिसत असेल तर पक्क्या पुराव्याची वाट न पाहता आधीच आवर घालायचा, ही दोन तत्त्वं त्या निकालानं भारतीय कायद्यात पक्की केली. निकालात नोंदवलंय की त्या पट्ट्यातली जवळपास 35,000 हेक्टर शेतजमीन पूर्ण किंवा अंशतः नापीक झाली, आणि एक किलो तयार चामड्यामागे सरासरी 35 लिटर पाणी जातं. 35,000 हेक्टर. आपल्याकडे खारपाणपट्टा निसर्गानं दिला. तिथे माणसानं तयार केला.

2 फेब्रुवारी

वर्ध्याला जाऊन आले. मगन संग्रहालय पाहिलं, मगनवाडीच्या आवारात फिरले. डिसेंबर 1934 मध्ये गांधीजींचा अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात उभा राहिला, त्याचं काम इथून चालायचं. जवळच नालवाडीला 1930 च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. आपोआप मेलेल्या जनावरांचं कातडं वापरायचं, आणि हाड, मांस, शिंग यातलं काहीच वाया जाऊ द्यायचं नाही, हा त्या विचारातला मुख्य धागा.

नव्वद वर्षांपूर्वी विदर्भात हे काम झालं, त्याचा अभिमान वाटतो. पण त्या काळच्या चर्चेत पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न एवढा मोठा नव्हता, आणि कातडं सोलणाऱ्याला ते काम नाकारायचा हक्क आहे का, हाही नव्हता. ही दोन्ही कामं आपल्या पिढीची.

परतताना एसटीत शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, क्रोम वाईट आणि साल चांगली, एवढंच ना? नाही, आणि हे सविस्तर लिहायला हवं. जगातलं बहुतेक चामडं क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलं जातं, कारण ते एका दिवसात होतं, मऊ राहतं, उकळत्या पाण्यातही आक्रसत नाही. नेहमीच्या पद्धतीत घातलेल्या क्रोमपैकी 60 ते 70 टक्केच कातड्यात बसतं, बाकी पाण्यात जातं. ते परत मिळवता येतं. अल्कली घालून क्रोम खाली बसवायचं, गंधकाम्लात विरघळवून पुन्हा वापरायचं. जिथे मोठी सामुदायिक प्रक्रिया केंद्रं आणि अशी क्रोम वसुली खरंच चालते तिथे क्रोमचं काम जबाबदारीनं होऊ शकतं. आमच्या गावात ते शक्य नाही, म्हणून आम्ही क्रोम नाकारलं. आणि सालीचं वापरलेलं पाणीही निरुपद्रवी नसतं. गडद तपकिरी, प्राणवायू खाणारं, जिवाणूंना जड जाणारं असतं. शिवाय चर्मोद्योगाच्या सेंद्रिय घाणीचा मोठा वाटा भिजवणं, चुना आणि केस काढणं यांतून येतो, म्हणजे साल की क्रोम हा प्रश्न येण्याच्या आधीच. "नैसर्गिक" असं लेबल लावून हे सगळं नाल्यात सोडलं तर मासे तेवढेच मरतात.

16 फेब्रुवारी

पहिली खेप पिंपातून बाहेर. चिरून पाहिली, आरपार एकसारखा तांबूस रंग. पातेल्यात पाणी तापवून पट्टी टाकली, थर्मामीटर लावला. कच्चं कातडं 60-65 अंशांना आक्रसतं. आमची पट्टी 78 पर्यंत टिकली. सालीवरच्या चामड्याला साधारण 75 ते 85 हीच पातळी. बायांनी टाळ्या वाजवल्या.

तेल लावायचं. घरात जवसाचं तेल आहे म्हणून ते आणलं होतं, पण ते हवेत सुकून कडक होतं, चामड्याला नको. करंजाचं आणि एरंडेल मिसळून हातानं चोळलं. सावलीत वाळवलं.

9 मार्च

पाण्याचा दिवस. सल्फाइड नको म्हणून ठरवलं तेव्हापासून ज्याची वाट पाहत होते ते आज केलं.

चुन्याचं निवळलेलं पाणी, सामू (पीएच) 12 च्या वर. सालीचं वापरलेलं पाणी आंबट. दोन्ही एका टाकीत हळूहळू सोडली. चुन्यातलं कॅल्शियम टॅनिनला धरून खाली बसवतं, भिजवणीतून आलेली प्रथिनंही टॅनिनला चिकटून खाली जातात. संध्याकाळपर्यंत तळाशी जाड तपकिरी गाळ आणि वर फिकट चहाच्या रंगाचं पाणी. सामू 9 च्या थोडा खाली. दोन घाणी एकमेकींना खाली बसवतात, बाहेरून तुरटीही घालावी लागली नाही. अमोनियाचा किंवा सडक्या अंड्याचा वास नाही.

हे पाणी वाळू-खडीच्या वाफ्यातून, कर्दळ आणि बोरूच्या मुळांतून जाईल. क्षार साध्या मीटरवर मोजले, लिटरमागे 2100 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या बरेच आत. मीठ न घातल्याचं हे फळ. मीठ असतं तर ही टाकी, हा वाफा, सगळं फुकट गेलं असतं.

23 मार्च

प्रयोगशाळेचा अहवाल आला. सामू ठीक, क्लोराइड ठीक, सल्फाइड नाही. बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप) मात्र जमिनीवर सोडायच्या, लिटरमागे 100 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर. पाणी सोडायचं नाही. टाकीतच फिरवत ठेवलंय. वाफ्याची लांबी दुप्पट करायची, आणि मधे हवा मिळावी म्हणून दगडांच्या तीन पायऱ्या करायच्या. गवंडी भाऊ उद्या येतील.

13 एप्रिल, रविवार

ऊन 42 च्या वर. सकाळी आठला कापलेल्या बोकडाचं कातडं अकराला हाताला चिकट लागतं, आणि दुपारी केस बोटांत सहज येतो. ती सडण्याची सुरुवात असते. आता संकलन सकाळी साडेसहाला. ओल्या पोत्यात गुंडाळून, मोटरसायकलवर सावलीच्या बाजूनं आणायचं. शेडमध्ये आल्यावर खरवडून थेट पातळ चुन्यात. चुना स्वतःच सडणं थांबवतो, त्यामुळे मिठाची गरज उरत नाही.

27 एप्रिल

बाभळीच्या शेंगा पिकून पडू लागल्या. सुदानमध्ये याच जातीच्या शेंगांवर गावोगाव कातडं कमावतात. शेंगा घेतल्या तर झाडाला काही होत नाही आणि दरवर्षी मिळतात. बिया काढून भरडून अर्क केला. लॅक्टोमीटर 22 वर गेला. रंग सालीपेक्षा फिका, कातड्यावर छान बसतो.

पण इथे शेंगा शेळ्यांचा उन्हाळी चारा आहेत. वैशाखात धुऱ्यावर दुसरं काही नसतं. शेळ्या राखणारे मामा स्पष्ट म्हणाले, "शेंगा तुम्ही नेल्या तं बकऱ्याईनं काय खावं? मग कातडं तरी कुठून येईन?" त्यांचं खरं आहे. ठरलं असं: गाव आणि गायरानातल्या शेंगांना हात लावायचा नाही. बिया वेगळ्या काढून पेंडीसारख्या परत द्यायच्या. फक्त रस्त्याकडेच्या झाडांखालच्या, गाड्यांखाली चिरडल्या जाणाऱ्या शेंगा घ्यायच्या. त्या कमी पडतील. मग उरलेलं काम सालीवर.

11 मे

दर्यापूरच्या एका वहाणा बनवणाऱ्या दादांना नमुने दाखवले. त्यांनी कातडं दुमडलं, नखानं दाबलं, वास घेतला. वरच्या पट्ट्यांना आणि अस्तराला चालेल, तळाला नाही. बोकडाचं कातडं तळाइतकं जाड होतच नाही. एका ठिकाणी सुरीचा चरा लागलाय, तो भाग वाया. भाव सांगितला तो मजुरीला पुरेल, नफ्याला नाही. वह्यांची वेष्टनं आणि पाकिटं गटानं स्वतः शिवली तर जास्त सुटेल, असं त्यांनीच सुचवलं.

शिवणकामाला दोघी तयार आहेत.

25 मे

हवा इतकी कोरडी आहे की सावलीत ताणून बांधलेलं कातडं दीड दिवसात खडखडीत वाळतं. थेट उन्हात ठेवायचं नाही, नाहीतर बाहेरून शिजल्यासारखं होतं आणि पुन्हा भिजत नाही. किडे लागू नयेत म्हणून मधे कडुलिंबाचा पाला. मिठाशिवाय साठवायचा हा जुनाच मार्ग. विदर्भाचा उन्हाळा त्याला सगळ्यात सोयीचा. पाऊस सुरू झाला की हा मार्ग बंद.

1 जून

बकरी ईद 7 तारखेला. मदरशाच्या मौलवीसाहेबांकडे जाऊन आलो. कुर्बानीची कातडी लोक मदरशाला देतात आणि त्यांच्या विक्रीतून मदरशाचा थोडा खर्च निघायचा. आता व्यापारी फुकटही नेत नाहीत. आम्ही घेऊ शकू तेवढी घेऊ आणि दर कातड्यामागे ठरलेली रक्कम मदरशाला देऊ, असं बोलणं झालं. किती घेऊ शकू हे आधीच ठरवायचं होतं: चुन्याच्या हौदात मावतील तेवढी, अधिक सावलीत ताणायला जेवढ्या लाकडी चौकटी आहेत तेवढी. त्यापुढे एकही नाही. एका तज्ज्ञांनी कमी मीठ आणि बोरिक ॲसिडचा उपाय सुचवला होता. तो अभ्यासलेला उपाय आहे, पण बोरॉन जास्त झाला तर पिकाला बाधतो, आणि इथल्या न निचरणाऱ्या मातीत तो साचून राहील. नको.

7 जून

सकाळपासून शेड भरलेली. सुऱ्यांना धार, चौकट्या अंगणात सावलीला. मदरशातली तरुण मुलं स्वतः कातडी आणून देत होती, आणि दोघं जण खरवडायलाही बसले. दुपारी बारापर्यंत हौद भरले, दोनपर्यंत चौकट्या. त्यानंतर आलेल्यांना नाही म्हणावं लागलं. ते फार जड गेलं, कारण ती कातडी कुठे जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. सरपंचांशी बोलून त्या कातड्यांसाठी गावाबाहेर खोल खड्डा केला, चुना आणि मातीचे थर देऊन पुरली. निदान नाल्यात गेली नाहीत.

पुढच्या वर्षी चौकट्या तिप्पट लागतील. सुतार दादांना सांगून ठेवलंय, बाभळीच्याच लाकडाच्या करू.

15 जून

वाफ्याच्या दगडी पायऱ्यांनंतरचा दुसरा अहवाल आला. बीओडी 100 च्या आत. पहिल्यांदाच पाणी सोडलं, शेडमागच्या करंज आणि कडुलिंबाच्या रोपांना, तेही शेततळ्याचं पाणी मिसळून. शेतात अजून नाही. त्या कोपऱ्यातल्या मातीचा नमुना आधी घेऊन ठेवलाय. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात सोडियम आणि सामूसाठी द्यायचा, आणि पावसाळा संपल्यावर त्याच जागेचा दुसरा. दोन्ही आकडे शेजारी आल्याशिवाय कुणाच्या वावरात पाणी जाणार नाही.

संमतीपत्रासाठी अधिकाऱ्यांची पाहणी व्हायची आहे. गाळ सुकवायच्या वाफ्यांवर पावसाआधी पत्रा टाकायचा. ईदची खेप चुन्यात जाऊन आज आठ दिवस झाले, केस सुटायला लागलेत, उद्या सकाळी सातला सगळ्यांनी यायचं.